जायकवाडी उतरू लागली की: पाहुणे पक्षी पाहायला निघणाऱ्या नवख्यांसाठी

पावसाळ्यात मराठवाड्यात कुणी कुणाला भेटलं की तब्येतीच्या आधी एक प्रश्न येतो: जायकवाडी किती टक्के? शंभराच्या जवळ आकडा गेला की गावोगावी पेढे वाटायचेच बाकी राहतात. पक्षी पाहायचा नाद लागलेल्या माणसाला मात्र त्यानंतरची वाट पाहावी लागते. धरण काठोकाठ असताना नाथसागरावर, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयावर, गेलात तर समोर पाणीच पाणी आणि लांब कुठेतरी काळे ठिपके. लांबून आलेल्या पक्ष्यांपैकी बहुतेकांना खोल पाण्याचा काही उपयोग नाही. त्यांना हवा असतो घोटाभर पाण्याचा काठ, ओला गाळ आणि त्यातले किडे, गोगलगाई, कोवळे कोंब. हे सगळं मिळतं पाणी मागे सरकू लागल्यावर. पहिल्यांदाच निघणाऱ्यांसाठी पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आधी पाण्याचा आकडा वाचायला शिका

वर्तमानपत्रात येणारी टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. जायकवाडीची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला जवळपास २६ टीएमसी मृत साठा, म्हणजे एरवी न वापरलं जाणारं तळचं पाणी. म्हणजे बातमीत ‘शून्य टक्के’ आलं तरी धरण कोरडं नसतं, आणि अशा वर्षी पक्षी उरलेल्या पाण्याभोवती दाटीवाटीनं दिसतात. धरण भरल्याची पातळी १५२२ फूट. हा जलाशय खोल कमी आणि पसरट फार, त्यामुळे पातळी फूटभर उतरली तरी काही ठिकाणी काठ बराच लांब मागे जातो. रब्बीची आवर्तनं सुटली, डाव्या-उजव्या कालव्यांना पाणी धावू लागलं की दर आठवड्याला नवा गाळ उघडा पडतो.

म्हणून ‘अमुक गावाच्या शिवारात जा, तिथे हमखास दिसतील’ असं कुणी सांगितलं तर फार विसंबू नका. डिसेंबरात जिथे काठ होता तिथे फेब्रुवारीत हरभरा उभा असतो. भरलेल्या वर्षी डिसेंबर अखेरपर्यंत घाई करू नये, कमी पावसाच्या वर्षी नोव्हेंबरातच निघावं, असा माझा साधा हिशेब आहे. आकडा सत्तरच्या खाली घसरू लागला की मी चौकशीला लागतो.

चौकशी कुणाकडे करायची? जाळी टाकणाऱ्या भोई मंडळींकडे. थर्माकोलच्या तराफ्यावर रोज पहाटे पाण्यात असणाऱ्या माणसाला कोणत्या अंगाला थवा बसतो हे जेवढं ठाऊक असतं, तेवढं कुठल्याही ॲपला नसतं. ‘काका, रोहित कुठं उतरलेत यंदा?’ एवढं विचारा (रोहित म्हणजे फ्लेमिंगो). पक्ष्याचं नाव माहीत नसेल तर रंग, आकार सांगा. उत्तर मिळतं, आणि बऱ्याचदा मासळीचा भावही कळतो.

कोण, केव्हा, कुठून

‘सायबेरियातून पाहुणे आले’ हे शीर्षक दरवर्षी ठरलेलं. थोडं सबुरीनं घ्या. आपल्याकडे येणारे सगळेच सायबेरियाचे नाहीत. रोहित, म्हणजे मोठा फ्लेमिंगो, हा कच्छच्या रणात घरटी करतो. आपल्याकडचे थवे मुख्यतः त्या बाजूचे मानले जातात. पट्टकदंब हा हंस तिबेट, लडाख, मंगोलियाच्या उंच सरोवरांवर पिल्लं वाढवतो आणि हिमालय ओलांडून येतो. त्याच्या अंगावर यंत्र बसवून केलेल्या अभ्यासात ७,००० मीटरच्या वरचं उड्डाण नोंदलं गेलं आहे. चक्रवाक या नारिंगी बदकाची जोडीही त्याच थंड पठारांवरची. कांड्या करकोचा मध्य आशिया आणि मंगोलियाच्या गवताळ माळांवरून येतो. आणि ज्याच्या नावातच सायबेरिया आहे तो क्रौंच भारतात, भरतपूरला, २००२ च्या हिवाळ्यानंतर दिसलेलाच नाही.

क्रम असा धरा. पोळा-गणपतीच्या सुमाराला भोरड्या (गुलाबी मैना) आणि काठावर चरणारे छोटे तुतवार येऊ लागतात. नवरात्राच्या आसपास शेपटी हलवत पळणारे धोबी नांगरटीत दिसतात. बदकांत भुवई बदक लवकर येतं. मागोमाग टोकदार शेपटीचं तलवार बदक आणि फावड्यासारख्या चोचीचा थापट्या. दिवाळीनंतर पट्टकदंब आणि चक्रवाक. थंडी पडली की करकोचे. माळावर जमिनीलगत घिरट्या घालणारे भोवत्येही याच दिवसांत. रोहितांसाठी जानेवारी ते मार्च हा काळ बरा. नाथषष्ठीला पैठणला येणाऱ्या वारकऱ्यांनी एक पहाट राखून ठेवली तर दोन्ही साधतं. मार्च सरला की परतीची घाई सुरू होते.

काही पक्षी परदेशी वाटतात, पण इथलेच आहेत. चोचीच्या बुडाशी लाल आणि टोकाला पिवळा ठिपका असलेलं हळदी-कुंकू बदक, लांबलचक गुलाबी पायांचा शेकाट्या, चित्रबलाक. नवखा माणूस चित्रबलाकाची गुलाबी पिसं पाहून ‘फ्लेमिंगो!’ म्हणून ओरडतो. चोच बघा: चित्रबलाकाची लांब, पिवळी, टोकाशी किंचित झुकलेली, रोहिताची जाड, मध्येच मोडल्यासारखी वाकलेली.

पहिल्याच रविवारी नाथसागर नको

जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर. एवढ्या पसाऱ्यात नवा माणूस गोंधळतो. आधी दोन-चार सकाळी घराजवळच्या पाण्यावर घालवा. छत्रपती संभाजीनगरात दिल्ली दरवाजाजवळचं सलीम अली सरोवर आहे. बीडकरांना बिंदुसरा आणि माजलगाव, नांदेडकरांना विष्णुपुरी, हिंगोली-परभणीच्या लोकांना येलदरी आणि सिद्धेश्वर, लातूर-धाराशिवकरांना मांजरा आणि तेरणा. यातलं काहीच जवळ नसेल तर गावचा पाझर तलाव. पाझर तलावाला नाक मुरडू नका. लहान पाण्यावर पक्षी जवळून दिसतात, आणि वीस जाती नीट ओळखता आल्या की मोठ्या धरणावर हात-पाय गळत नाहीत.

सामान

दुर्बीण ८×४२ घ्या. आठ म्हणजे कितीपट मोठं दिसतं ते, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. दुकानदार वीसपटीची गळ्यात मारू पाहील. हात थरथरतो आणि काहीच दिसत नाही. पाच ते दहा हजारांत कामाची मिळते. ती नसली तरी अडत नाही, चौघांत एक पुरते.

बाकी वही, पेन्सिल, पाणी, भाकरी-ठेचा, टोपी, काठी. कपडे मातकट. आपल्याकडे पांढरा शर्ट आणि पांढरी टोपी घालून सगळीकडे जायची सवय आहे, ती एवढ्या एका कामाला सोडा. मोठ्या लेन्सचा कॅमेरा पहिल्या हंगामात घरीच ठेवला तर उत्तम. कॅमेरा हातात आला की माणूस पक्षी पाहायचं सोडून पक्ष्याच्या मागे लागतो.

ऊन पाठीशी घ्या

डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास उगवतो. उजाडायच्या आधी काठावर पोहोचलेलं बरं, कारण साडेनऊ-दहानंतर पाण्यावरून वाफा उठल्यासारखी हवा हलते आणि लांबचं सगळं थरथरतं.

उभं कुठे राहायचं हे उन्हावर ठरतं. सूर्य समोर असेल तर प्रत्येक पक्षी काळा दिसणार. गोदावरी पश्चिमेकडून पूर्वेला वाहते आणि धरणाची भिंत जलाशयाच्या पूर्व टोकाला, पैठणला आहे. म्हणून सकाळी पैठणच्या अंगानं पाहा, ऊन पाठीशी राहतं. संध्याकाळी वरच्या अंगाला जा. पुणे रस्त्यावर प्रवरासंगमाजवळ कायगाव टोका आहे, तिथल्या बाजूनं मावळतीचं ऊन कामाला येतं. संभाजीनगरहून पैठण पन्नास किलोमीटरच्या आसपास. एसटी आहे, पण पहाटेच्या हिशेबानं ती सोयीची नाही. मुक्कामाला आदल्या रात्रीच जावं. धरणाची भिंत आणि दरवाजे हा सुरक्षेचा भाग आहे, तिथे दुर्बीण-कॅमेरे घेऊन फिरू नका. अभयारण्यात आत कुठपर्यंत जाता येतं हे वन्यजीव विभागाच्या कार्यालयात आधी विचारा. ड्रोन परवानगीशिवाय उडवायचा नाही.

गाळ आणि गाळपेर

उघडा पडलेला गाळ फसवा असतो: वरून सुकून भेगाळलेला, आतून लोण्यासारखा. गुडघ्यापर्यंत पाय गेला की बूट तिथेच राहतो. गुरांची पायवाट सोडू नका, पुढे काठी टेकवत जा, आणि एकट्यानं तर अजिबात आत शिरू नका.

पाणी हटलेल्या जमिनीवर हरभरा, गहू, ज्वारी पेरतात. त्याला गाळपेर म्हणतात. तुम्हाला ते मोकळं रान वाटेल, पण ते कुणाचं तरी पीक आहे. पट्टकदंब आणि करकोचे याच कोवळ्या हरभऱ्यावर उतरतात, म्हणजे शेतकऱ्याचं नुकसान आधीच चालू असतं. त्यात तुमच्या पायांची भर नको. बांधावर माणूस दिसला तर राम राम घाला, कशाला आलो ते सांगा. पाखरं बघायला पेट्रोल जाळून आलेली माणसं पाहून त्याला हसू येईल. येऊ द्या. हसून झालं की तोच सांगतो की हंस रात्री कुठे असतात आणि सकाळी किती वाजता येतात.

जवळ जायचं तर सरळ चालून जाऊ नका. पक्षी म्हशींना आणि जाळंवाल्यांना सरावलेले असतात, थेट आपल्याकडे येणाऱ्या घोळक्याला नाहीत. तिरकं चाला, मध्ये थांबा, वाकून वहीत काहीतरी लिहा. पट्टकदंबांच्या कळपात एखाद-दोघे कायम मान ताठ ठेवून पहाऱ्यावर असतात. सगळ्यांच्याच माना ताठ झाल्या तर तुम्ही नको तेवढे पुढे आलात. तिथून दहा पावलं मागे या. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला पुन:पुन्हा उडायला लावणं म्हणजे त्याच्या खाण्याच्या वेळेवर आणि अंगच्या चरबीवर घाला.

रोहित खातो कसा, ते बघा

बहुतेक जण रोहितांचा थवा उडावा म्हणून ताटकळतात, काही महाभाग टाळ्या वाजवतात. खरी मजा ते खात असताना आहे. एकच पक्षी दुर्बिणीत धरा. मान खाली, चोच उलटी: वरचा जबडा खाली, खालचा वर. जीभ पंपासारखी चालते, पाणी-चिखल आत ओढते आणि चोचीच्या कडेच्या झालरीतून गाळून बाहेर टाकते. आत राहतात बारीक किडे, शेवाळ, झिंग्यांसारखे जीव. त्याचा गुलाबी रंग याच खाण्यातून येतो. म्हणूनच कोवळ्या वयाचे पक्षी राखाडी-मळकट दिसतात. ते आजारी नाहीत, फोन करू नका.

मध्येच तो पाय आपटू लागतो. चोच एका जागी ठेवून, पायांनी गाळ तुडवत, स्वतःभोवती हळूहळू फिरतो. गाळातले जीव वर येतात आणि हा टिपतो. त्याच जागी फिरत राहिल्यानं तळाशी गोल चर पडतो, मध्ये मातीचा छोटा उंचवटा राहतो. पुढच्या पंधरवड्यात पाणी आणखी मागे गेलं की ती कडी उघडी पडतात. चिखलात अशी गोल गोल कडी दिसली तर समजा, इथे रोहितांची पंगत होऊन गेली.

धरण नको असेल तर हुरड्याला जा

सगळे पाहुणे पाण्यावरच असतात असं नाही. माझ्या मते नवख्यानं पहिला पाहुणा पाहावा तो ज्वारीच्या रानातच. भोरडी हा मैनेएवढा, गुलाबी अंगाचा, काळ्या डोक्या-पंखांचा पक्षी. मध्य आशिया आणि त्यापलीकडून येतो. ज्वारी हुरड्यात आली, दाणा दुधाळ-मऊ झाला की भोरड्यांची धाड पडते. शेकड्यांनी उतरतात, कणसावर लोंबकळून दाणे टिपतात. माळ्यावरून गोफणीचा फटकारा ऐकू येतो, थवा एकाच अंगानं उठतो, वळसा घेतो आणि शेजारच्या रानात पडतो. मग तिकडची गोफण.

शेतकरी त्यांना शिव्या घालतो ते बरोबरच आहे. पण हेच पक्षी नाकतोडे आणि अळ्याही फस्त करतात. चीनच्या शिनजियांग भागात टोळांच्या बंदोबस्तासाठी यांनी घरटी करावीत म्हणून मुद्दाम दगडांचे ढीग रचून देतात. आपल्याकडे घरट्याच्या दिवसांत ते नसतात, ज्वारीच्या दिवसांत असतात. हा आपल्या नशिबाचा भाग. संध्याकाळी बाभळीवर किंवा उसात मुक्कामाला येताना त्यांचे थवे आभाळात धुरासारखे वळतात, ते पाहायला काठावर जावं लागत नाही, गावाची वेस पुरते. फेब्रुवारी-मार्चात हेच पक्षी फुललेल्या पळस-सावरीवर मध पितात, तेव्हा फोटो काढायचा तर काढा.

लातूर-धाराशिवकडच्यांना तर वेगळं निमंत्रण नकोच. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, सगळं घरदार रानात असतं. आंबील आणि भज्जी झाली की कोपीच्या सावलीत आडवं होण्याआधी अर्धा तास बांधावर बसा. धोबी, खाटीक, नीलपंख हे पक्षी दिसतील, नशीब असेल तर भोवत्या. पोरांना वहीत लिहायला लावा. एवढ्यानं त्यांची सुरुवात होते.

पक्षी सप्ताह गावात करायचा असेल तर

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अलींचा. शासनानं २०२० पासून तो अधिकृत केला. पाहुणे नुकतेच पोहोचलेले असतात, तेव्हा त्यांचं स्वागत म्हणा, की आपल्याला जाग येण्याचं निमित्त म्हणा.

पहिली अडचण सुट्टीची. दिवाळी नोव्हेंबरात आली तर शाळा बंद असते आणि मुख्याध्यापक गावाला गेलेले असतात. तशा वर्षी सप्ताहात गावातली पोरं आणि ग्रामपंचायत घेऊन एक सकाळ करा, शाळेचा भाग सुट्टीनंतर उरका. तारखेचा हट्ट धरून रिकाम्या वर्गात भाषण देण्यात अर्थ नाही.

दुसरी अडचण प्रमुख पाहुण्यांची. ते साडेदहाला येतात. तोवर पक्षी चरून, उन्हाला कंटाळून निघून गेलेले असतात, आणि मुलं शाल-श्रीफळ बघत बसतात. यावर उपाय एकच: आधी काठावर जायचं, सत्कार नंतर शाळेत. पाहुण्यांना साडेसहाची वेळ द्या. आले तर सोन्याहून पिवळं, नाही आले तरी पक्षी आलेले असतात. सत्कार करायचाच तर तळ्यावर जाळं टाकणाऱ्या भोयाचा करा आणि त्यालाच बोलायला लावा.

काठावर फ्लेक्स, स्पीकर, फुगे, फटाके काही नको. एका जाणत्यामागे आठ-दहा मुलं, त्याहून जास्त नको; मोठी शाळा असेल तर तुकड्या पाडा. परत आल्यावर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक फळा लावा: तारीख, पक्षी, किती दिसले, कुणी पाहिले. पोरांची नावं लिहिली की पुढच्या रविवारी सांगावं लागत नाही. तो फळा मार्चपर्यंत चालू ठेवणं हा सप्ताहाचा खरा भाग, आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी राहून जातो.

संक्रांतीला याच फळ्यावर नायलॉन मांजाबद्दल लिहा. बंदी आहे, तरी विकला जातो. झाडात अडकलेला दोरा पतंग संपल्यावरही पंख कापत राहतो.

जानेवारीची मोजणी

जानेवारीच्या मध्याला आशियाई पाणपक्षी गणना होते. भारतीय उपखंडात ती १९८७ पासून चालू आहे आणि स्वयंसेवकांच्या जोरावरच चालते. पाच-सहा जाती नीट ओळखणाऱ्यालाही जाणत्यांच्या गटात वही धरायचं काम मिळतं.

थवा मोजायची रीत साधी आहे. आधी दहा पक्षी एक-एक करून मोजा. ते दहा किती जागा व्यापतात हे डोळ्यांत बसवा. मग तेवढे तुकडे पूर्ण थव्यावर सरकवत जा: दहा, वीस, तीस. फार मोठा थवा असेल तर पन्नासाचा तुकडा घ्या. दोघांनी वेगवेगळं मोजून मग आकडे दाखवायचे. बदकं पाण्यात बुड्या मारत असतील तर आकडा कमीच भरतो. पाचशेचे पाच हजार करू नका. आपल्या गावच्या तळ्याचं नाव मोठं व्हावं म्हणून फुगवलेला आकडा पुढच्या वर्षीच्या मोजणीचाही सत्यानाश करतो. ओळख पटली नाही तर ‘बदक, जात ठरली नाही’ असं लिहा, ते चालतं. एरवीच्या नोंदी ई-बर्ड या संकेतस्थळावर फुकट ठेवता येतात.

मानेत पट्टा, पायात कडं दिसलं तर

पट्टकदंबांत कधी कधी एखाद्याच्या मानेभोवती रंगीत पट्टा असतो, त्यावर अक्षरं आणि आकडे. बाकी काही जमलं नाही तरी हे टिपा: पट्ट्याचा रंग, अक्षरांचा रंग, अक्षरं कोणत्या क्रमानं, तारीख, जागा, सोबत किती होते. फोटो धूसर आला तरी ठेवा. ही माहिती मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला पाठवा. १८८३ साली स्थापन झालेल्या या संस्थेनं भारतात पक्ष्यांना कडी घालून त्यांच्या वाटा शोधायचं मोठं काम केलं आहे. पट्टा मंगोलियात घातला असेल तर तिथे कोणत्या सरोवरावर, कोणत्या वर्षी, हे उलट उत्तरात कळू शकतं.

जखमी पक्षी दिसला किंवा कुणी जाळ्यानं, विषारी दाण्यानं बदकं मारताना आढळलं तर स्वतः भांडत बसू नका. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि जागा नीट सांगा. एकाच ठिकाणी बरेच पक्षी मरून पडलेले दिसले तर हात लावायचा नाही, कुत्र्यांना जवळ येऊ द्यायचं नाही आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी सांगायचं.